मोकळं कपाळ

तोताराम गुरुजींचं कपाळ मोकळं होतं.

पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकाच्या एका टोकाला झुलाल बसला, मुंडण केलेल्या डोक्यावरचं उपरणं सारखं केलं, आणि दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते बघायचं नाही असं घरून ठरवून आलेला असूनही त्याने बघितलं. गुरुजीच होते. डावा गाल अजून थोडा हिरवट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, मांडीवर पिशवी. हे सगळं त्याने धरलंच होतं. कपाळ मात्र त्याच्या अंदाजात नव्हतं. गुरुजी मुक्ताईनगरकडचे, मुक्ताबाईचे माळकरी. जळगावात नगरपालिकेच्या शाळेत नोकरीला लागले त्या दिवसापासून अष्टगंधाचा गोल लावल्याशिवाय त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. पोरं त्यांना मागून टिळागुरुजी म्हणत, झुलालचा नथ्थूही म्हणायचा, आणि एकदा तोंडावर म्हणून छडी खाऊन आला होता. आता तो गोल नव्हता आणि गोलाची जागा होती. तीस वर्षं ऊन न लागलेली कातडी, आठ आण्याच्या नाण्याएवढी, उन्हाने रापलेल्या कपाळावर फिकट उमटून राहिली होती. झुलालला आधी वाटलं, पोलिसांनी पुसायला लावला असेल. मग वाटलं, पोलिसांना एवढा उद्योग कशाला. आणि मग मनात एकदम एक गोष्ट आली ती त्याने तिथल्या तिथे दाबून टाकली, कारण ती खरी असती तर खिशातल्या कागदाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला असता.

खिशात फिर्याद होती. ती अभिमनने लिहवून आणली होती. अभिमन चुलतभाऊ, वयाने धाकटा, आणि गेल्या बारा दिवसांत इतका मोठा झालेला की येत्या निवडणुकीत वॉर्डातून उभा राहील असं दारावर दुखवट्याला बसायला आलेले लोक एकमेकांच्या कानात सांगत होते. झुलाल त्याला दोष देत नव्हता. अभिमनने ट्रक ठरवले, मंडप घातला, कलेक्टरच्या माणसाला खुर्ची दिली, स्मशानात पाण्याचे पिंप ठेवले. झुलालच्या हातून यातलं एक झालं नसतं. भाऊबंद असावा तर असा. फक्त फिर्यादीत एक ओळ होती, 'त्यामुळे माझ्या भावना तीव्रपणे दुखावल्या', आणि भावना हा शब्द झुलालने पंचावन्न वर्षांत एकदाही वापरला नव्हता. तो मार्केट यार्डात मापाडी होता. दोंडाईचाजवळच्या गावाहून तिशीच्या आत जळगावला आला तो थेट काट्यापाशी उभा राहिला आणि अजून उभा होता. पोतं, गोणी, केळीचा घड, माणूस, काहीही समोर आलं की त्याच्या मनात आधी आकडा येई आणि मग नाव. बाकावर बसतानाही त्याने गुरुजींचं वजन धरलंच होतं: बारा दिवसांत चार किलो उतरलेत. त्याचं स्वतःचं पाच.

फौजदारसाहेब बाहेर गेलेत, येतीलच, असं धनसिंग हवालदार सांगून गेला होता, आणि जाताना त्याने झुलालला वाकून नमस्कार केला होता. हे आता सगळीकडे होत होतं. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवून पाया पडून घेतलं होतं. वर्तमानपत्रात फोटो आल्यापासून तर फारच. फोटोत झुलालचा हात वर गेलेला आणि गुरुजींचा चष्मा हवेत, खाली 'वीरपित्याचा संताप'. फोटो चांगला आला होता, त्यात खोटं काढायला जागा नव्हती. फक्त तो अर्ध्या क्षणाचा होता आणि त्याच्यापुढचा अर्धा क्षण कोणी छापला नव्हता.

खरं सांगायचं तर झुलालला त्या दिवसाचं फारसं दुःख आठवत नव्हतं, उपकारच आठवत. नथ्थूचं शरीर आलं हा पहिला. श्रीलंकेत गेलेल्यांच्या नुसत्या अस्थी येतात, तांब्याच्या कलशात, असं सगळे सांगत होते. पण नथ्थूला तिथे गोळी लागली आणि तो मद्रासच्या लष्करी इस्पितळात येऊन नऊ दिवसांनी गेला, म्हणून तो पेटीत का होईना अख्खा आला. त्याच्या आईला, ताईबाईला, पोराच्या तोंडावर हात फिरवता आला. आणि ते देवळालीहून आलेले जवान. कोवळी पोरं, कोणी शीख, कोणी कुठला, आपसात हिंदीत बोलणारी. मालाचा ट्रक उतरवताना हमाल एक कोपरा खाली करतातच, कितीही ओरडा. त्या पोरांनी पेटी उतरवली, गल्लीतून आणली, पुन्हा चढवली, स्मशानात उतरवली, आणि चारी कोपरे एका पातळीत. झुलालने पूर्ण वेळ त्या पातळीकडेच पाहिलं होतं. एवढं सरळ त्याच्या पोराला कोणी कधी नेलं नव्हतं, त्याने स्वतःही नाही. लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून यार्डात न्यायचा तेव्हा पोरगं एका बाजूला कललेलंच असे. त्या चौघांची नावं विचारायची राहिली, याची रुखरुख त्याला रोज लागत होती.

हे उपकार सरळ होते, ते मानता येत होते. ज्यांचं काय करावं कळत नव्हतं ते उपकार बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते.

नथ्थू गुरुजींचा विद्यार्थी, चार वर्षं हाताखाली. दहावीनंतर त्याने फौजेचं धरलं. धुळ्याला भरती होती आणि वजन लागायचं पन्नास किलो. पोरगं उंच, छाती बरी, पण अंगावर मांस धरेना. झुलाल त्याला रोज संध्याकाळी यार्डातल्या काट्यावर उभा करी. साडेअठ्ठेचाळीस. पुन्हा साडेअठ्ठेचाळीस. तेव्हा गुरुजी तिथे आले होते, शाळेच्या कसल्या कामासाठी, आणि बघत उभे राहिले. म्हणाले, काटा सांगतो ते ऐकावं झुलालभाऊ. आजवर हे तुम्ही जगाला सांगत आलात, आज मी तुम्हाला सांगायची वेळ यावी? झुलाल हसला होता. भरतीच्या सकाळी धुळ्याच्या स्टँडवर त्याने पोराला दीड डझन केळी खाऊ घातली, वर दोन तांबे पाणी, आणि लघवीला जाऊ दिलं नाही. पन्नास किलो दोनशे. मैदानाच्या कुंपणाबाहेरून त्याने आकडा ऐकला आणि त्याला असा आनंद झाला की शेजारच्या अनोळखी माणसाला त्याने विडी देऊ केली. आयुष्यभर ज्याने पाव किलोची लबाडी केली नाही त्या मापाड्याने एकदाच काटा झुकवला, तो स्वतःच्या पोरासाठी. हे ठाऊक असलेली माणसं जगात तीन होती, तो, पोरगं आणि पोराने सांगितलेले गुरुजी; त्यातला एक पेटीतून आला.

आणि मग स्मशानात ते झालं. बंदुका आकाशाकडे झाल्या, हुकूम सुटला, पहिला बार उडाला, कावळे उठले, आणि झुलालच्या तोंडून निघालं, 'लाभ'. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. बापजाद्यांपासून तसंच, आणि म्हणायचं ते नुसतं नाही, सूर लांबवून, यार्डाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं. दुसऱ्या बाराला 'दोन'. तिसऱ्याला 'तीन', शेवट वर चढवून, पुढचं पोतं आणा म्हणून सांगतात तसा. स्वतःच्या पोराच्या सरणापाशी तो पोती मोजत होता, आणि हे त्याला तिसरा आकडा तोंडातून गेल्यावर कळलं. बारांच्या आवाजात कोणाला ऐकू आलं नसणार. अभिमन घोषणांच्या तयारीत होता, बायका लांब होत्या. पण त्याने मान वळवली तर सहा-सात हातांवर गुरुजी उभे होते, आणि गुरुजी त्याच्याचकडे बघत होते. त्यांनी ऐकलं होतं. त्या नजरेत राग नव्हता, किळस नव्हती. शुद्धलेखनाच्या वहीतली चूक बघून ती खोडायची की राहू द्यायची असा विचार करताना मास्तर बघतो तसे ते बघत होते. आणि मग त्यांनी उपरण्याखालून पाटी काढली. शाळेतली, दगडी, लाकडी चौकटीची. खडूने लिहिलेली. दोन्ही हातांनी छातीपुढे धरली.

'आमचा नथ्थू फुकट मेला.'

अक्षर सुंदर होतं, हे झुलालला त्याही वेळी जाणवलं होतं.

पुढचं तो रोज पहाटे एकदा बघत असे, जागा झाल्या झाल्या, डोळे न उघडता. लोकांना पाटी वाचायला थोडा वेळ लागला. मग एक आवाज उठला, भुकेल्या ढोरांसारखा. अभिमन निघाला. पण सगळ्यांच्या आधी झुलाल पोचला होता. सहा-सात हात कसे ओलांडले ते आठवत नाही, तळहातात झालेला जाळ आठवतो. चार दिवस, तार आल्यापासून, सगळे त्याला म्हणत होते, आबा, अभिमान बाळगा. आबा, डोळ्यात पाणी आणू नका, शहिदाचे बाप तुम्ही. तो बाळगत होता. पाणी आणत नव्हता. इतकं जड काही त्याने आयुष्यात तोललं नव्हतं आणि खाली ठेवायची कोणाची परवानगी नव्हती. आणि हा मास्तर समोर पाटी धरून उभा, आणि पाटीवर तेच, जे झुलालच्या घशात चार दिवस अडकलेलं होतं. दुसऱ्या कुणी आपल्या तोंडातला घास काढून जगाला दाखवावा तसं झालं. म्हणून मारलं. हे त्याला आता कळत होतं. खोटं लिहिलं म्हणून त्याने मारलं नव्हतं.

चष्मा उडाला. गुरुजींनी पाटी सोडली नाही, गालाला हात लावला नाही, फक्त हलक्या आवाजात, त्याला एकट्याला ऐकू जाईल असं, म्हणाले, "अजून एक मारा, झुलालभाऊ." आणि झुलालचा वर गेलेला दुसरा हात तसाच खाली येऊन गुरुजींच्या खांद्यावर पडला आणि तो रडला. त्या फोटोनंतरचा अर्धा क्षण तो हा. मोठ्याने रडला, बायकांसारखा, नाकातोंडातून. पाटीची चौकट त्याच्या छातीत रुतत होती. मग लोकांनी दोघांना वेगळं केलं, त्याला प्रेमाने एकीकडे नेलं आणि गुरुजींना दुसरीकडे नेऊन तुडवलं. तोवर झुलालचं रडणं थांबलं नव्हतं आणि लोक ते बघून आणखी चिडत होते: बघा, म्हाताऱ्याला रडवलं.

रडवलं होतंच. त्या रात्री त्याला झोप लागली. ताईबाईलाही लागली.

आज सकाळी निघताना ती चुलीपाशी होती. त्याने कागद खिशात घातला तेव्हा तिने वर न बघता विचारलं, सही करणार का. तो म्हणाला, बठ्ठा भाऊबंद म्हणतात, कर. तो उंबऱ्याशी गेल्यावर ती म्हणाली, "सही मंग करा. पहिले गुरुजीना चष्मा भरी द्या." ताईबाई कमी बोलते, पण बोलते ते पुन्हा काट्यावर टाकून बघायची गरज नसते.

फौजदार आले. तरुण, नगरकडचे, मिशी नवी. झुलालला आत बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला, आणि कायदा समजावून सांगितला, कारण तो त्यांना आवडत असावा. म्हणाले, बोलायला बंदी नाही आबा. हाच माणूस हेच वाक्य टॉवर चौकात उभा राहून बोलला असता तर मी त्याला चहा पाजला असता. श्रीलंकेत फौज का धाडली हे दिल्लीत भर सभेत विचारतात लोक. पण प्रत्येक बोलण्याला जागा असते. मयताच्या घरच्यांसमोर, सरणापाशी, हे नाही चालत. तुमची सही झाली की गुन्हा उभा राहतो, गुन्हा उभा राहिला की शाळा त्यांना घरी बसवते. दोन वर्षं राहिलीत त्यांची नोकरीची. सही नसेल तर काही नाही, समज देऊन सोडायचं. सगळं तुमच्यावर आहे.

सगळं आपल्यावर आहे हे ऐकून झुलालला जरा गंमत वाटली. फौज धाडताना त्याला कोणी विचारलं नव्हतं. जागेचं बोलणं मात्र त्याला पटलं; यार्डातही काही गोष्टी काट्यापाशी बोलत नाहीत. पण मग त्याच सरणापाशी आणखी एका माणसाने 'लाभ' म्हटलं होतं, ते कुठल्या कलमात बसतं? गुरुजींचा जबाब दोनदा झाला होता, कोण कुठे उभं होतं, कोण काय बोललं, सगळं त्यात होतं. धनसिंग दारावर बसायला आला तेव्हा त्याने तो जवळजवळ तोंडपाठ म्हणून दाखवला होता. त्यात 'लाभ' नव्हता. गुरुजींनी ती चूक खोडली नव्हती, नुसती वही मिटून ठेवली होती.

फौजदारांनी फिर्याद मोठ्याने वाचली. पद्धत असते. 'सदर इसमाने "नथ्थू फुकट मेला" असा मजकूर असलेली पाटी धरून...' झुलालचा चहाचा कप बशीवर थांबला.

"साहेब," तो म्हणाला, "यात एक शब्द कमी भरतोय."

फौजदारांनी कागद उलटसुलट केला.

"पाटीवर चार शब्द होते. तुम्ही तीनच तोलले. पेपरवाल्यानेही तीनच छापले. पहिला शब्द आमचा."

"तुमचा?"

"आमचा. 'आमचा नथ्थू' असं होतं."

फौजदार हसले, मग हसू नये हे लक्षात येऊन थांबले. म्हणाले, एका शब्दाने काय फरक पडतो आबा, हवं तर घालतो. पेनही उचललं. मग त्यांनीच ते वाक्य मनात चार शब्दांनी म्हणून पाहिलं असावं, कारण पेन खाली आलं नाही. ते खिडकीबाहेर, व्हरांड्यातल्या बाकाकडे बघत राहिले. मग नेहमीच्या आवाजात, जबाबात विचारतात तसं, त्यांनी विचारलं की ती पाटी बघून तुम्हाला नक्की काय वाटलं, तेवढं सांगा.

झुलालने उत्तर द्यायला वेळ घेतला. भरल्या काट्याचा दांडा स्थिर व्हायला लागतो तेवढा. अभिमनने पढवलेलं त्याला आठवत होतं. पण कमी वजनाच्या पावतीवर त्याने आजवर सही केली नव्हती, आणि धुळ्याला एकदाच केल्यासारखी केली त्याचं काय झालं हे तो बघून बसला होता.

"बरं वाटलं," तो म्हणाला.

फौजदारांनी कागदाची घडी घातली. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. शोकात माणूस काहीही बोलतो असंही त्यांनी धरलं असेल. पण घडी त्यांनी नीट घातली, फाडली नाही, चुरगळली नाही, आणि ती झुलालच्या हातात दिली, याबद्दलही तो त्यांचा ऋणी राहिला. बाहेर येऊन तो बाकापाशी थांबला. गुरुजी उठायला लागले. जवळून तो फिका गोल अगदी स्पष्ट दिसत होता, आणि सकाळी दाबून टाकलेली गोष्ट आता दाबायचं काही कारण उरलं नव्हतं. सुतकात भाऊबंद गंध लावत नाहीत. बारा दिवस झुलालच्या भावकीतलं एकही कपाळ रंगलं नव्हतं. या माणसाची जात वेगळी, गाव वेगळं, बोली वेगळी, आणि याने कोणाला न सांगता तेच पाळलं होतं. दाढीही केली नव्हती. झुलालला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण तोंडात आलं ते एवढंच, की उद्या गंधमुक्ती आहे, सकाळी नऊला, बसायला या. आणि चष्म्याची काडी कुठल्या दुकानात बसवून मिळते, असंही विचारलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले ते मंडपाच्या दाराशीच उभे राहिले. कुजबूज झाली. भाऊबंद ओळीने सतरंजीवर बसले होते, मुंडण केलेली डोकी उघडी, एकतीस माणसं, झुलालने मोजून ठेवलेली. त्याने आपल्या शेजारची जागा हाताने झाडली. गुरुजी आले, बसले, बत्तीस. अभिमनच्या जबड्यात काहीतरी हललं, पण लोक होते, आणि वॉर्ड होता. ताईबाईचा भाऊ सुपडूनाना गंधाची वाटी घेऊन उभा होता. सुतकातल्यांना गंध सोयऱ्याने लावायचं असतं, भाऊबंदाने भाऊबंदाला लावून सुतक सुटत नाही. नानाने पहिलं गंध झुलालला लावलं. गार लागलं. मग बोट वाटीत बुडवून तो गुरुजींसमोर आला आणि थांबला. बोटावरचं गंध सतरंजीवर ठिपकलं.

अभिमन खाकरला. म्हणाला, नाना, पुढे चला, ते काही आपले भाऊबंद नाहीत. आवाज वाईट नव्हता, नियम सांगितल्यासारखा होता. आणि नियम तोच होता. बायकांच्या बाजूला बांगड्या वाजायच्या थांबल्या. गुरुजी उठायला लागले, ठाण्यात उठले होते तसेच, हात गुडघ्यावर टेकून.

झुलालने त्यांच्या मांडीवर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. मग नानाच्या हातातून वाटी घेतली.

"भाऊबंद नही ना त्या?" तो अभिमनला म्हणाला, अगदी शांतपणे, पोत्यातलं उरलेलं काट्यावर सारावं तसं. "मंग मी त्यास्ले परका. गंध परकाच लावस."

हिशोब बरोबर होता. सुपडूनाना एक पाऊल मागे सरला. झुलालने उजव्या हाताचं बोट बुडवलं, त्याच हाताचं, आणि त्या फिक्या जागेवर टेकवलं. गोल बरोबर बसला, ना आत, ना बाहेर. गुरुजींनी डोळे मिटले होते. बारा दिवसांत ज्यांच्या डोळ्यांत कोणी पाणी पाहिलं नव्हतं ते गुरुजी सगळ्या भावकीसमोर नाकातोंडातून रडायला लागले. झुलालने त्यांना अडवलं नाही. दुसऱ्या हातातली वाटी तेवढी त्याने सांडू दिली नाही. ती चार पोरं पेटी धरून होती तशी, एका पातळीत धरून तो बसून राहिला.